लहान अंगाचा जुना सूझाफोन कसा ओळखावा आणि कसा पारखावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नसराई ओसरली की बँडपथकांच्या सामानाची देवघेव सुरू होते. कोणी पथक बंद करतो, कोणी नवे उभे करतो, कोणाच्या माळ्यावर वडिलांच्या काळातला बाजा निघतो. अशा वेळी एखादा सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायचा मोठा पितळी बास बाजा, समोर येतो आणि विकणारा सांगतो, "अमेरिकन माल आहे, अंगाने लहान आहे, गल्लीबोळांत चांगला चालतो." ही तिन्ही विधाने खरी असू शकतात, पण तिन्ही वेगवेगळी तपासावी लागतात, आणि बहुतेक खरेदीदार त्यांपैकी एकच तपासतात. भोंग्यावर कोरलेले नाव वाचले की ते निश्चिंत होतात. सूझाफोनचा भोंगा काढता येतो आणि बदलता येतो, म्हणून भोंग्यावरचे नाव हा त्या बाजाच्या जन्माचा दाखला ठरत नाही. खरा बाजा म्हणजे भोंग्याखालचे नळीचे कडे आणि पिस्टनचा, म्हणजे बोटांनी दाबायच्या खटक्यांचा, गठ्ठा, आणि त्याचीच ओळख कशी पटवायची हे येथे सांगितले आहे.

आपल्याकडे या वाद्याला कोणी सूझाफोन म्हणतो, कोणी सोझाफोन, कोणी नुसते बास. अमेरिकन बँडमास्तर जॉन फिलिप सूझा यांच्या सूचनेवरून फिलाडेल्फियाच्या जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९३ साली पहिला बाजा घडवला आणि १८९८ साली सी. जी. कॉन यांनी आपला काढला. त्या सुरुवातीच्या बाजांचे भोंगे आकाशाकडे तोंड करून असत. आज आपण पाहतो तो समोर वळलेला भोंगा नंतरच्या दोन दशकांत रुळला. त्याआधीपासून युरोपात हेलिकॉन नावाचे खांद्यावर घालायचे वर्तुळाकार बास वाद्य होते, आणि जुन्या सामानात ते आजही क्वचित दिसते. हेलिकॉनचा भोंगा अंगाशी कायमचा जोडलेला, तुलनेने अरुंद आणि तिरका वर गेलेला असतो. भोंगा सुटत नसेल आणि गळपट्टीच्या, म्हणजे भोंगा अंगाला जोडला जातो त्या, जागी स्क्रू मुळीच नसतील, तर समोरची वस्तू बहुधा लहान सूझाफोन नसून हेलिकॉन आहे. ते वाद्य वाईट नाही, पण त्याला सूझाफोनच्या भावात घेऊ नये.

आता "लहान" या शब्दाकडे यावे लागेल, कारण सगळा घोळ तेथेच होतो. बाजा तीन कारणांनी लहान दिसतो. पहिले कारण म्हणजे त्याची पट्टी, म्हणजे मूळ सा, वेगळी असणे: बी फ्लॅटच्या बाजाची नळी सुमारे साडेपाच मीटर लांब असते, तर ई फ्लॅटच्या बाजाची सुमारे चार मीटर, त्यामुळे ई फ्लॅटचे कडे साहजिकच लहान होते. दुसरे कारण म्हणजे पट्टी बी फ्लॅटचीच, नळीची लांबीही तेवढीच, पण नळी बारीक आणि ती अधिक घट्ट गुंडाळलेली. तिसरे कारण सर्वांत फसवे आहे: अंग पूर्ण मोठे, पण त्यावर लहान व्यासाचा भोंगा बसवलेला, म्हणून दुरून पाहताना सगळाच बाजा लहान वाटतो. या तिन्हींचा आवाज, बोटे आणि किंमत वेगळी आहे, आणि "लहान आहे" एवढ्यावर सौदा ठरवणारा माणूस या तिघांपैकी नेमके काय घेतो आहे हे त्यालाच ठाऊक नसते.

म्हणून पहिली परीक्षा पट्टीची करावी. सोबत हार्मोनियम असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्यासाठी आत-बाहेर सरकणारा नळीचा तुकडा, पूर्ण आत ढकलावी, एकही पिस्टन न दाबता वाजवणाऱ्याने खालून वर सहज लागणारे तीन स्वर काढावेत. हे तीन स्वर आपल्या कानाला सा, प आणि वरचा सा असे ऐकू येतील. त्यांतला सा काळी ५ चा, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा, असेल तर बाजा बी फ्लॅटचा, काळी २ चा असेल तर ई फ्लॅटचा. पांढरी ४ चा सा निघाला तर बाजा एफ पट्टीचा आहे, पण तो योग विरळा. येथे एक चूक मी पुन्हा पुन्हा होताना पाहिली आहे. विकणारा एकच स्वर काढून दाखवतो, तो हार्मोनियमवर काळी ५ शी जुळतो, आणि सगळे म्हणतात की बाजा बी फ्लॅटचा आहे. ई फ्लॅटच्या बाजाचा पंचम हाही काळी ५ च असतो. एकटा स्वर काहीच सिद्ध करत नाही. सा, प, सा हा संपूर्ण क्रम ऐकल्याशिवाय पट्टी ठरवू नये.

वाजवणारा सोबत नसेल किंवा पिस्टन अडकले असतील, तर सुतळी वापरावी. माउथपीस बसतो त्या तोंडापासून सुरुवात करून नळीच्या वळणाच्या मध्यरेषेवरून सुतळी फिरवत न्यावी, पिस्टनच्या गठ्ठ्यातून सरळ जाणारा मार्ग धरावा, पिस्टनच्या वेगळ्या लूप मोजू नयेत, आणि भोंग्याच्या काठापर्यंत पोहोचावे. मग सुतळी जमिनीवर सरळ करून टेपने मोजावी. या मोजमापात एक-दोन वितींची चूक होणारच, पण चार मीटर आणि साडेपाच मीटर यांतला फरक एवढा मोठा आहे की त्या चुकीने निकाल बदलत नाही. बोलता न येणाऱ्या जुन्या बाजासाठी ही कृती मला सर्वांत भरवशाची वाटते.

पट्टी कळल्यावर लगेच स्वरमान पाहावे, कारण जुन्या बाजांत ही अडचण लपून बसते. आज मध्य सप्तकातला ए हा स्वर ४४० हर्ट्झचा धरतात. पूर्वी बँडांत याहून चढे स्वरमान चालत असे. ब्रिटिश ब्रास बँडांत ए सुमारे ४५२ हर्ट्झचा होता आणि ती रीत १९६० च्या दशकापर्यंत टिकली, तर अमेरिकेत चढे स्वरमान सुमारे ४५७ पर्यंत जात असे. अशा चढ्या स्वरमानाचा बी फ्लॅट बाजा आजच्या ट्यूनरवर काळी ५ आणि पांढरी ७ यांच्या मधोमध लटकतो आणि हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. काही अमेरिकन बाजांवर पिस्टनजवळ एल पी किंवा एच पी अशी इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे उतरते आणि चढे स्वरमान. अक्षरे नसतील तर वाजवूनच पाहावे लागते. मात्र थंड बाजावर ही परीक्षा करू नये. पौष महिन्यातल्या बेळगावच्या सकाळी धातू आणि आतली हवा गार असते, स्वर उतरलेला लागतो, आणि चढा बाजाही तात्पुरता शहाणा वाटतो. दहा-पंधरा मिनिटे वाजवून अंग कोमट झाल्यावरच ट्यूनर पाहावा, आणि तोही सावलीत.

चढ्या स्वरमानाचा बाजा निकामी नसतो. स्वर उतरवण्यासाठी नळी लांबवावी लागते, आणि ती किती हे हिशेबाने काढता येते. ४५२ वरून ४४० वर यायचे तर लांबी सुमारे पावणेतीन टक्के वाढली पाहिजे. साडेपाच मीटरच्या नळीत हे पंधरा सेंटिमीटर होतात. स्लाइडला दोन पाय असल्यामुळे ती साडेसात सेंटिमीटर बाहेर आली तर काम भागते. ई फ्लॅटच्या बाजाला साडेपाच सेंटिमीटर पुरतात. त्या अंतरापर्यंत स्लाइड ओढल्यावरही तिचे पाय आत भक्कम धरलेले राहत असतील, तर बाजा वापरता येईल. पिस्टनच्या तिन्ही स्लाइडही त्या प्रमाणात थोड्या ओढाव्या लागतील. पण स्लाइडच आखूड असेल, तर वाढीव नळी बसवून घ्यावी लागेल आणि तो खर्च आधीच किमतीतून वजा करावा. उलट, मुळात उतरलेला बाजा चढवायचा म्हणजे नळी कापायची. ते काम हाती घेऊ नये.

आता अंगाची मापे. बेळगावकरांना येथे एक सोय आहे: उद्यमबागेतल्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये व्हर्निअर कॅलिपर असतो आणि ओळखीने तासाभरासाठी मिळतो. दुसऱ्या पिस्टनची लहान स्लाइड बाहेर काढावी आणि तिच्या पायाचा आतला व्यास मोजावा. त्यालाच बोअर म्हणतात आणि बाजाचे खरे आकारमान त्यातून कळते. तुलनेसाठी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. कॉन कंपनीच्या २०के या प्रसिद्ध मोठ्या सूझाफोनचा बोअर ०.७३४ इंच, म्हणजे सुमारे १८.६ मिलिमीटर आहे. किंग कंपनीच्या २३५० चा ०.६८७ इंच, म्हणजे सुमारे १७.५ मिलिमीटर. हे दोन्ही बी फ्लॅटचेच आणि दोन्ही मिरवणुकीत वाजतात, तरी नळीत मिलिमीटरभराचा फरक आहे आणि वाजवणाऱ्याच्या छातीला तो जाणवतो. तुमच्या हातातला बाजा १७.५ च्या जवळपास किंवा त्याखाली असेल आणि पट्टी बी फ्लॅटची असेल, तर तो बारीक नळीचा बाजा आहे असे समजण्यास हरकत नाही. १८.६ च्या जवळ असून दिसायला लहान असेल, तर भोंगा बदललेला असण्याची शंका घ्यावी.

बोअर एकटा पुरत नाही, कारण नळी पिस्टननंतर फुगत जाते आणि ती किती वेगाने फुगते यावर आवाजाचा भरदारपणा ठरतो. म्हणून आणखी तीन मापे घ्यावीत: कड्याचा बाहेरचा व्यास, सर्वांत जाड वळणाचा घेर, आणि भोंगा जेथे बसतो त्या गळपट्टीचा व्यास. घेरासाठी शिंप्याचा टेप पुरेसा आहे. भोंग्याच्या काठाचा व्यासही लिहून ठेवावा, पण त्याला शेवटचे स्थान द्यावे. मोठ्या अमेरिकन बाजांवर २६ इंची भोंगा नेहमीचा. त्याहून लहान भोंगे लहान अंगाच्या बाजांवर मूळचेच असतात, पण दुरुस्तीत काठ कापून लहान केलेले भोंगेही मी पाहिले आहेत. काठात गुंडाळलेली तार असते. ती तार गुळगुळीत, अखंड आणि सर्व बाजूंनी सारख्या जाडीची असेल तर काठ मूळचा आहे.

मापांनंतर अक्षरांकडे वळावे, आणि तीही भोंग्यावरची आधी नव्हे. दुसऱ्या पिस्टनच्या नळकांड्यावर बहुतेक जुन्या अमेरिकन बाजांचा क्रमांक ठोकलेला असतो. कॉनच्या मालात त्याच्याजवळ मॉडेलही मिळू शकते: के हे अक्षर सूझाफोनचे आणि जे हे ट्यूबाचे. १४के आणि २०के या दोन मॉडेलांत फरक करायचा तर पिस्टन दाबून पाहावा. २०के ला रुंद आणि थोड्याच अंतरात खाली जाणारे पिस्टन आहेत, ती योजना कॉनने १९३० च्या दशकात आणली. १४के चे पिस्टन नेहमीसारखे लांब दाबाचे आहेत. पॅन-अमेरिकन हे नाव दिसले तर तो कॉनचाच दुय्यम दर्जाचा, स्वस्त माल होय. त्याचप्रमाणे क्लीव्हलंड हे नाव किंग बनवणाऱ्या एच. एन. व्हाइट कंपनीच्या दुय्यम मालावर असे. दुय्यम म्हणजे टाकाऊ नव्हे. शाळांसाठी बनवलेल्या या बाजांचे अंग साधे पण मजबूत असते, आणि आपल्या कामाला नक्षीपेक्षा मजबुती अधिक उपयोगी पडते.

गावाचे नाव आणि कंपनीच्या नावाची धाटणी यांवरून काळाचा अंदाज येतो. कॉन कंपनी १९१५ साली कार्ल ग्रीनलीफ यांच्या हाती गेली आणि तिचे नाव सी. जी. कॉन लिमिटेड झाले, म्हणून "लिमिटेड" कोरलेले असेल तर ते नक्षीकाम १९१५ नंतरचे. किंगच्या बाजावर क्लीव्हलंड असेल तर तो १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा, ईस्टलेक असेल तर त्यानंतरचा. हॉल्टनचे बाजे १९१८ पूर्वी शिकागोत आणि पुढे विस्कॉन्सिनमधल्या एल्कहॉर्न येथे बनत. हे एल्कहॉर्न आणि कॉन, ब्युशर, मार्टिन या तिघांचे एल्खार्ट ही दोन वेगळ्या राज्यांतली वेगळी गावे आहेत. अक्षरे झिजली असली की लोक ती एक समजतात आणि हॉल्टनचा बाजा कॉनचा म्हणून विकला जातो. यॉर्कच्या बाजावर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचे नाव असते. फायबरग्लासचे अंग दिसले, तर तो माल १९६० च्या आसपासचा किंवा नंतरचा. विंटेज म्हणून त्याचे मोल कमी, पण खांद्याला हलका म्हणून उपयोग पुष्कळ.

आता भोंग्यावरचे नाव वाचावे आणि ते पिस्टनवरच्या खुणांशी जुळते का ते पाहावे. मला हा धडा पैसे मोजून मिळाला. काही वर्षांपूर्वी निपाणीकडच्या एका विक्रेत्याकडून मी एक सुबक बाजा घेतला. भोंग्यावर फुलांची नाजूक नक्षी आणि एल्खार्टचे नाव होते. मी दिवाणखान्यातच, न वाजवता, पैसे दिले. घरी आणून गळपट्टी खोलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला नव्या डाखाची पांढरी रेघ दिसली आणि गळपट्टीच्या कडीचे धातू दोन रंगांचे निघाले. अंग कोठले हे आजही मला ठरवता आलेले नाही, कारण पिस्टनवर एकही क्रमांक नव्हता, आणि पट्टी ई फ्लॅटची होती, जेव्हा आमच्या मास्तरांना बी फ्लॅटच हवा होता. भोंगा खरा होता. फक्त तो त्या अंगाचा नव्हता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गळपट्ट्यांची मापे सहसा जुळत नाहीत, त्यामुळे परका भोंगा बसवायचा तर कडी बदलावी किंवा रुंदावावी लागते, आणि तो डाख लपवणे कठीण असते. म्हणून स्क्रू ढिले करून भोंगा उतरवून दाखवण्याची विनंती प्रत्येक वेळी करावी. विक्रेत्याने नकार दिला, तर तेथून परत यावे.

पिस्टनवर क्रमांक नसणे म्हणजे बाजा वाईट, असे मात्र समजू नये. आपल्या देशात मेरठ हे बँडच्या वाद्यांचे केंद्र आहे. तेथील नादिर अली अँड कंपनी १८८५ सालापासूनची आहे आणि जली कोठीच्या भागात पितळी वाद्ये घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. सीमाभागातल्या पथकांत दिसणारे बरेच बाजे त्याच परंपरेतले आहेत. जुना मेरठी बाजा प्रामाणिकपणे मेरठी म्हणून घेतला तर तो चांगला सौदा ठरतो, कारण त्याचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारे हातही. तो अमेरिकन म्हणून घेतला, तर तोच सौदा नुकसानीचा. ओळखण्याच्या खुणा अशा: जुन्या अमेरिकन मालात स्लाइडचे आतले पाय बहुधा जर्मन सिल्व्हरचे, पांढऱ्या रंगाचे असतात, तीन पिस्टन त्यांच्या घरांतच नेमके बसतात, एकमेकांत बदलले की अडतात किंवा ढिले पडतात, आणि प्रत्येकावर १, २, ३ असा आकडा असतो, नळीची शिवण शोधूनही सापडत नाही. यांतली एकच खूण निर्णायक मानू नये, तीन-चार एकत्र आल्या तर मत बनवावे.

प्रकृतीची तपासणी वेगळी. माझ्या मते पिस्टन सर्वांत महत्त्वाचे, कारण पोचे काढता येतात, डाख पुन्हा देता येतो, पण झिजलेल्या पिस्टनवर नव्याने धातूचा थर चढवून घोटणे हे महागडे आणि मोजक्या हातांचे काम आहे. दाब पारखण्याची सोपी रीत अशी: पहिल्या पिस्टनची स्लाइड तेल लावून बसवावी, पिस्टन न दाबता ती दोन-तीन सेंटिमीटर ओढावी, काही क्षण थांबावे आणि मग पिस्टन दाबावा. आत पोकळी टिकली असेल तर "पॉक" असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही तर हवा पिस्टनच्या बाजूने निसटते आहे. तिन्ही पिस्टनवर हे करावे. एकाचा आवाज मंद असणे चालते, तिन्हींचा नसणे चालत नाही. जुने, घट्ट तेल या परीक्षेत बाजाची बाजू घेते, म्हणून आधी पिस्टन पुसून हलके तेल लावावे.

यानंतर पितळेचा रंग पाहावा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओलाव्याने आणि थुंकीने आतून जस्त खाल्ले जाते आणि तांब्याचे गुलाबी ठिपके वर येतात. हा रोग माउथपीसजवळच्या मानेत आणि पहिल्या वळणात आधी दिसतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात चार महिने बाजा कोठारात ओला ठेवला असेल, तर हे ठिपके हमखास शोधावेत. ठिपक्यावर नखाने दाबून पाहावे; धातू दबला किंवा कुरकुरला तर तेथे लवकरच भोक पडेल. मान बदलता येते आणि तो खर्च मोठा नाही, पण हाच रोग मोठ्या वळणावर असेल तर बाजा सोडून द्यावा. दुसरा झीजेचा प्रकार आपल्याच हातांनी होतो. दर लग्नाआधी चिंच, राख किंवा ब्रासो लावून बाजा लखलखीत करण्याची आपल्याकडे सवय आहे. वर्षानुवर्षे ते केल्याने पत्रा पातळ होतो आणि कोरीव अक्षरांच्या कडा विरतात. भोंग्याच्या काठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे: चांगला पत्रा ताठ उभा राहतो, घासून पातळ झालेला लवतो. अक्षरे बोटाला लागतच नसतील पण चमक आरशासारखी असेल, तर मी त्या चमकेची एक रुपयाही जास्त किंमत देत नाही.

पोच्यांबाबत फार घाबरू नये. तळाच्या वळणावर, जेथे बाजा जमिनीवर टेकतो, तेथे पोचे असणारच. आपले तांबटही ते बऱ्यापैकी उचलतात. बारीक नळीतला पोचा मात्र मोठ्या नळीतल्या पोच्याहून अधिक घातक असतो, कारण तेथे त्याच खळग्याने नळीचा मोठा भाग अडतो. लहान अंगाच्या बाजात म्हणूनच मान आणि पिस्टनच्या लूप बारकाईने पाहाव्यात. आणि मानेबरोबर येणारे दोन लहान वाकडे तुकडे, ज्यांना बिट म्हणतात, ते मूळचे आहेत का हे विचारायला विसरू नये. ते हरवलेले बाजे बाजारात पुष्कळ आहेत; दुसऱ्याच बाजाचे बिट कापडाची चिंधी गुंडाळून बसवलेले असतात आणि मग सगळा बाजा सुराला हलतो.

दोन बाजे शेजारी ठेवून तुलना करायची वेळ आली, तर परिस्थिती सारखी ठेवणे हेच मुख्य काम. माउथपीस एकच असावा, वाजवणारा एकच असावा, आणि त्याने कोणता बाजा हातात आहे हे भोंग्याकडे पाहून ठरवू नये. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक भेटतात. असा एखादा माणूस सोबत नेला तर त्याच्या कानाचा उपयोग तुमच्या कॅलिपरपेक्षाही जास्त होईल. प्रथम दोन्हींवर एकच सावकाश चढता-उतरता सप्तक वाजवून घ्यावे आणि कोणता स्वर ट्यूनरवर किती चढतो-उतरतो हे लिहावे. मग एक जलद ठेका, ज्यात एकाच स्वराचे तुटक आघात आहेत. बारीक नळीचा बाजा येथे बाजी मारतो, कारण तो लवकर बोलतो आणि श्वास कमी मागतो. नंतर वाजवणाऱ्याला तेथेच उभे करून स्वतः पन्नास पावले दूर जावे, शक्य असल्यास गल्लीच्या वळणापलीकडे. जवळून गोड वाटणारा बाजा तेथे हरवतो का, आणि जवळून रुक्ष वाटणारा तेथे ठामपणे पोहोचतो का, हे ऐकावे. गणपत गल्ली किंवा रामदेव गल्लीसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यात लहान बाजा आवाज भिंतींकडून उसना घेतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत, मोकळ्या चौकात, ती उसनवारी मिळत नाही. तुमच्या पथकाचे काम कोठे जास्त आहे हे यात ठरवणारे आहे.

ई फ्लॅटचा बाजा घ्यायचा विचार असेल, तर बोटांचा प्रश्न आधी सोडवावा. आपले बरेच वादक कागद न वाचता बोटांच्या सवयीने वाजवतात. बी फ्लॅटची सवय असलेल्या वादकाने त्याच बोटांनी ई फ्लॅटचा बाजा वाजवला, तर प्रत्येक स्वर चार स्वरांनी वर, म्हणजे मूळ सा च्या जागी त्याचा मध्यम असा निघेल. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट काळी ५ मध्ये वाजत असताना बास काळी २ मध्ये गेला तर काय होते हे सांगायला नको. नवशिका मुलगा असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून ई फ्लॅटची बोटे शिकवता येतात, आणि लहान खांद्यांच्या मुलासाठी हा बाजा खरोखर योग्य आहे. चाळिशी ओलांडलेल्या, वीस वर्षे बी फ्लॅट वाजवलेल्या वादकाच्या खांद्यावर मात्र तो लादू नये.

वजन मोजण्यासाठी धान्याच्या दुकानातला टांगता काटा चालतो. भोंगा लावून आणि भोंगा काढून अशी दोन्ही वजने घ्यावीत. फरक भोंग्याचा, उरलेले वजन अंगाचे. दोन बाजांचे एकूण वजन सारखे आले तरी ज्याचे वजन अंगात आहे तो खांद्यावर नीट बसतो, आणि ज्याचे भोंग्यात आहे तो तोल बिघडवतो. हे माप कोणी घेत नाही, पण चार तासांच्या वरातीनंतर वादकाच्या मानेला ते बरोबर कळते.

सौदा ठरला, तर पावतीवर पिस्टनचा क्रमांक, पट्टी, बोअरचे माप आणि भोंगा मूळचा की बदललेला याची नोंद लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. घरी नेताना भोंगा वेगळा काढून गोधडीत गुंडाळावा, अंग टेम्पोत उभे न ठेवता आडवे ठेवावे, आणि मान व दोन्ही बिट रुमालात बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवावेत, सामानात नव्हे.